सात नंबरची जागा

लाइट गेली की शेडमधले माग एकदम गप्प होतात
आणि कानात खटखट तेवढी चालू राहते, कापडाशिवाय.
मल्लेशम येमुल कांड्यांची पेटी पालथी घालतो,
वर टॉवेलचा बाद तुकडा,
त्यावर सात ढीग. पहिल्यात एक, सातव्यात सात.
पत्त्यांना मशीनच्या तेलाचा वास.
चौकट नव्वी हरवली, तिच्या जागी
कॅलेंडर कापून केलेली नव्वी,
पाठीमागे अर्धा गुरुवार.

मी कांड्या भरते. हात थांबले की दुखायला लागतात,
म्हणून बघत बसले, आणि बघता बघता शिकले.

एक ढीग संपला, टॉवेल दिसला.
म्हटलं, ठेवा की तिथे ती छक्की.
तो म्हणाला, आगु.
आगु म्हणजे थांब. त्याच्या घरात
पोरांना, उतू जाणाऱ्या दुधाला, सगळ्यांना आगु.

रिकाम्या घरात फक्त राजा जातो.
आणि राजा हाताशी नसेल तर?
तर घर रिकामं करायचंच कशाला?
आधी कोण येणार ते बघ, मग बसलेल्याला उठव.

दोन राजे आले तर राजांची तोंडं बघायची नाहीत.
कुठली राणी उघडी पडलीय,
तिच्याखाली किती पालथे अडकलेत,
ते मोजायचं.
त्यानं इस्पिक राजा बसवला.
बदाम राणी गुलामासकट सरकली,
खालचा पालथा पत्ता उलटला: किलवर दुर्री.
एवढ्यासाठी एवढं.

राणी एकटी का नाही जात, विचारलं.
नियम, म्हणाला.
मी विडी घरकुलात सहा वर्षं एकटी राहते.
भाडं पाच तारखेच्या आत देते.
बोलले नाही काही.

दुसरा एक खेळ येतो त्याला, सगळे पत्ते उघडे.
त्यात रिकाम्या घरात कुणीही चालतं,
आणि म्हणूनच, म्हणतो, त्यात माणूस लवकर फसतो.
एक घर मोकळं, तर दोन पत्त्यांची माळ हलते.
दोन मोकळी, तर चारांची.
भरलंस की झालं, मग हलव काय हलवतेस.

सात नंबरचा माग मागच्या महिन्यात भंगारात गेला.
एकोणीस वर्षं त्याच्याच हाताखाली होता.
किलोवर गेला. त्यानं काट्याकडे बघितलं नाही.
राहिले जमिनीतले चार बोल्ट आणि तेलाचा काळा चौकोन.
मालक म्हणाले, रॅपिअर आणायचंय तिथे, लोन पास होऊ दे.
तिसऱ्या दिवशी तिथे त्यांच्या मेव्हण्याची स्कूटर.
मग सुताच्या गोण्या.
मग एक कूलर, टाकी फुटलेला,
आणि कुणाच्या तरी लग्नातलं उरलेलं मांडवाचं कापड.

परवा रात्री मल्लेशमनं सगळं बाहेर काढलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
कूलर ओढताना कंबर धरली, स्वतःलाच म्हणाला,
हळू की बे.
झाडून घेतलं. फुफाट्यासारखा पिंजर उडाला.
म्हटलं, राजा येणार म्हणून?
लोन नाही व्हायचं, म्हणाला, आणि केरसुणी आपटली.

आज त्याच चौकोनात पेटी मांडली होती.
गड्डी तीनदा फिरली. एक घर मोकळं,
हातात एकही राजा नाही.
तो तसाच बसला, गुडघ्यावर हात,
हरलो म्हणाला नाही.

तेवढ्यात लाइट आली.
अकरा माग एकदम सुरू झाले,
तो पाच नंबरकडे धावला, धागा तुटला होता.
पेटी थरथरायला लागली.
चौकट राणी कणाकणानं घसरत
मोकळ्या घराच्या काठाशी येऊन अडली.

मी इकडेतिकडे बघितलं.
बोटानं तिला आत ढकललं.
तिच्याखालचा पत्ता उलटला. एक्का होता.

मल्लेशम परत आला, बराच वेळ पेटीकडे बघत राहिला.
माझ्या चरख्यावर कांडी भरत आली होती,
मी नवीन लावली.
आगु म्हणाला नाही.